चुलीपर्यंत काय पोचलं? भूकंपानंतर मदत आणि पुनर्वसनावर गावाने, वॉर्डाने लक्ष कसं ठेवायचं

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३.५६ वाजता किल्लारी-सास्तूरचा (लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतला) पट्टा हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक घरी येऊन झोपले होते. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. सोलापूर तिथून शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. जखमी इकडच्या दवाखान्यांत आले, मदतीच्या गाड्या इथून गेल्या आणि पुढे दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या सरकारी कार्यक्रमात सोलापूर जिल्ह्यातली गावंही आली. २००२ च्या भारतीय मानकात सोलापूर भूकंपप्रवण क्षेत्र ३ मध्ये आहे. अक्कलकोट, बार्शी, दक्षिण सोलापूरच्या गावांत माळवदाची (मातीच्या सपाट छपराची) घरं अजून उभी आहेत आणि शहरात जुने वाडेही आहेत. त्यामुळे ही तयारी शेजारच्या जिल्ह्यासाठी आहे, असं समजून सोडून देण्यासारखी नाही.

मोठ्या आपत्तीत मदत बहुतेक वेळा येतेच. ती मध्येच कुठेतरी अडते, चुकीच्या दारात जाते किंवा निरुपयोगी रूपात येते. कागदावर ट्रक मोजलेले असतात. तुम्ही चुलीजवळचा डबा मोजायचा. पुढची सगळी पद्धत याच एका गोष्टीसाठी आहे.

समितीत कोण हवं, कोण नको

लक्ष ठेवायला गावाची किंवा वॉर्डाची एक समिती करा. सात ते नऊ माणसं पुरतात. त्यात निम्म्याहून जास्त बायका असाव्यात, एक गवंडी, एक हिशेब लिहिता येणारी व्यक्ती आणि गावठाणाबाहेरच्या प्रत्येक वस्तीचं एक माणूस. जो वाटप करतो, ज्याचा टँकर आहे, जो बांधकामाचा ठेका घेणार आहे, तो या समितीत नको, मग तो कितीही भला असो. सरपंच किंवा नगरसेवकाला माहिती द्यायची, नोंदींची वही मात्र त्यांच्याकडे ठेवायची नाही.

सोलापूरसाठी एक खास गोष्ट आहे. शहराच्या पूर्व भागात घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड, बऱ्याच मोहल्ल्यांत उर्दू-दखनी. प्रश्न विचारणारा फक्त मराठीत बोलला, की समोरची म्हातारी मान हलवून ‘हो, मिळालं’ म्हणते आणि विषय संपतो. भाषा येणारं माणूस समितीत घ्यायलाच हवं.

१९९३ नंतरच्या दुरुस्ती कार्यक्रमात गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं होतं. घरमालक, इंजिनिअर आणि महसूल खातं यांच्यामध्ये निरोप, शंका, तक्रारी पोचवायच्या, हे त्यांचं काम. समिती बनवताना हाच नमुना डोळ्यांसमोर ठेवा.

पहिले तीन दिवस: घरं नव्हे, चुली मोजा

सगळ्या घोटाळ्यांची मुळं यादीत असतात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये (घरांच्या नोंदवहीत) घर एक असतं, आत चुली तीन असतात. थोरला वेगळा, धाकटा वेगळा, वरच्या खोलीत भाडेकरू. घरामागे मदतीचा एक संच आला की तो मालकाच्या नावावर जातो आणि भाडेकरू विणकराच्या हाती काही लागत नाही. म्हणून एकक चूल धरायची. जे एकत्र शिजवून खातात, ती एक चूल.

दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक चुलीला एक ओळ द्या: अनुक्रमांक, घर क्रमांक, चूलप्रमुखाचं नाव, माणसं किती, त्यात पाच वर्षांखालची मुलं, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई, साठीच्या पुढचे, अपंग, रोजचं औषध लागणारे (साखर, रक्तदाब, टीबी, डायलिसिस), रेशनकार्ड आहे की ढिगाऱ्यात गेलं, बँक खातं कोणाच्या नावावर, जनावरं किती, उपजीविका काय. तोच क्रमांक तंबूवर किंवा उरलेल्या भिंतीवर रंगाने मोठा लिहा.

यादीतून हमखास गळणारे लोक म्हणजे एकट्या राहणाऱ्या बायका, नवऱ्याने टाकलेल्या आणि माहेरी आलेल्या लेकी, कारखान्यातच झोपणारे माग कामगार, शेतावरचा सालगडी, पालं टाकून राहणारे, ऊसतोडीला गेलेल्यांची मागे राहिलेली म्हातारी माणसं. वही पूर्ण झाली असं वाटलं की ‘यात कोण नाही?’ हा प्रश्न तीन वेगळ्या माणसांना विचारा. त्यातली एक दाई, आशाताई किंवा अंगणवाडीताई असू द्या. त्यांना माहीत असतं.

पंचनामा: हा कागद पुढची दोन वर्षं पुरतो

ढिगारा उचलण्याआधी फोटो काढा. घराच्या चारही कोपऱ्यांतून एकेक, आतून दोन आणि एक असा की ज्यात रंगाने लिहिलेला क्रमांक दिसतो. भेगेचा फोटो काढताना शेजारी पट्टी धरा. नुसती भेग फोटोत केवढीही दिसते.

पंचनाम्यात ‘भिंतीस तडे गेले’ एवढंच लिहिलं असेल तर त्या वाक्याला काही अर्थ नाही. असं लिहून घ्या: ‘पूर्वेकडील दगडी भिंत, लांबी १८ फूट, भेग १२ मिलिमीटर, आरपार, छतापासून जोत्यापर्यंत, भिंत बाहेरच्या बाजूला ओळंब्यात ४ इंच झुकलेली, माळवदाच्या दोन तुळया निसटलेल्या.’ ओळंबा लावायला गवंड्याला दोन मिनिटं लागतात. दुपदरी दगडी भिंतीत बाहेरचा पदर फुगून आतल्या पदरापासून सुटलेला असतो आणि वरून गिलावा शाबूत दिसतो. हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तीही नोंद घाला. पडकी भिंत ठोकायला मात्र जाऊ नका, धक्के अजून चालू असतात.

हे मोजमाप इतकं महत्त्वाचं का, ते आकड्यांवरून कळेल. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे निकष असे: सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००, आणि अंशतः धरायलाही निदान १५ टक्के नुकसान लागतं. मोठ्या आपत्तीत राज्य सरकार वेगळा शासन निर्णय काढून रक्कम वाढवू शकतं, पण ‘पूर्ण’ की ‘अंशतः’ हे पंचनाम्यावरच ठरतं. मृताच्या वारसाला ४ लाख. दवाखान्यात आठवड्याहून जास्त राहिलेल्या जखमीला १६,००० आणि त्याहून कमी राहिलेल्याला ५,४००. म्हणून सिव्हिलमधून सुटी होताना डिस्चार्ज कार्डावरच्या दोन्ही तारखा बघून घ्या. दुभतं मोठं जनावर ३७,५००, बैल ३२,०००, शेळी-मेंढी ४,०००. मेलेलं जनावर पुरण्याआधी फोटो आणि पशुवैद्यकाची नोंद हवी. घाईत हेच राहतं.

कोऱ्या पंचनाम्यावर सही किंवा अंगठा द्यायचा नाही. तलाठ्याने लिहिलेलं मोठ्याने वाचून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढा. मागाचा, शिलाई मशीनचा, दुकानातल्या मालाचा उल्लेख घराच्या पंचनाम्यात येत नाही, तो वेगळा मागावा लागतो. हातमाग आणि हस्तकलेच्या कारागिरांसाठी निकषांत स्वतंत्र तरतूद आहे. यंत्रमाग तिच्यात आपोआप बसेल असं धरून चालू नका, पंचनामा तरीही करून ठेवा.

पाणी, धान्य, निवारा: आकडे पाठ हवेत

आपत्तीतल्या मदतीसाठी ‘स्फिअर’ नावाची आंतरराष्ट्रीय किमान मानकं आहेत. तपासायला ती सोयीची पडतात. माणशी रोज १५ लिटर पाणी, नळ ५०० मीटरच्या आत, एका नळावर २५० पेक्षा जास्त माणसं नकोत, रांगेत अर्ध्या तासाहून जास्त उभं राहावं लागू नये. डोक्यावरच्या छपराखाली माणशी साडेतीन चौरस मीटर. सुरुवातीला पन्नास माणसांमागे एक संडास, होईल तितक्या लवकर वीसमागे एक. बायकांचे वेगळे, आतून कडी आणि वाटेवर दिवा.

४०० चुली, प्रत्येकी पाच माणसं, म्हणजे २,००० माणसं आणि ३०,००० लिटर. दहा हजारी टँकरच्या रोज तीन पूर्ण खेपा. टँकरवर लिहिलेली क्षमता आणि आतलं पाणी यांत फरक असतो, तेव्हा वरचं झाकण उघडून काठी घालून पातळी बघा. तीन खेपा पुऱ्या झाल्या आणि तरी घरात माणशी सात लिटरच पाणी असेल, तर चोरीचा संशय घेण्याआधी भांडी बघा. घागरी, कळशा, पिंप सगळं मातीखाली गेलेलं असतं. टँकर येतो, पण पाणी भरायला घरात काही नसतं. सोलापूरकरांना चार-चार दिवसांनी येणारं पाणी साठवायची सवय आहे, पण साठवायची भांडी नसली तर सवयीचा काय उपयोग? चुलीमागे दहा ते वीस लिटरचे दोन झाकणाचे कॅन ही पहिल्या आठवड्यातली सर्वात किफायतशीर मदत ठरते आणि देणगीदारांच्या यादीत ती सहसा नसते.

टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ३३ टक्के क्लोरीनची असेल तर दहा हजार लिटरला साधारण ६० ग्रॅम लागते. उघड्या पोत्यातली, ओल लागलेली असेल तर तिचा जोर कमी झालेला असतो, जास्त लागते. आधी बादलीत कालवायची, गाळ बसू द्यायचा आणि वरचं पाणी टँकरमध्ये ओतायचं. अर्ध्या तासानंतर वाटप. ओटी टेस्ट (पाण्यात थेंब टाकून क्लोरीन बघायची चाचणी) टँकरच्या तोटीवर तर कराच, पण खरी चाचणी घरातल्या कॅनमधल्या पाण्याची. तिथे लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम उरलेला क्लोरीन दिसायला हवा. तोटीला पिवळा रंग येतो आणि कॅनला येत नाही, तेव्हा कॅन घाण आहे किंवा पाणी दोन दिवसांचं आहे.

धान्याचं गणित माणशी २,१०० कॅलरीवर बसवायचं. रोज ४०० ग्रॅम ज्वारी-गहू-तांदूळ, ६० ग्रॅम डाळ, ४० ग्रॅम शेंगदाणे, २५ ग्रॅम तेल, १५ ग्रॅम साखर. पाच माणसांच्या चुलीला पंधरा दिवसांसाठी ३० किलो धान्य, साडेचार किलो डाळ, तीन किलो शेंगदाणे, दोन लिटर तेल, सव्वा किलोच्या आत साखर आणि मीठ. संच उघडून काट्यावर तोला. दर पन्नास संचांतला एक पुरे. वीज नाही आणि गिरणी बंद, अशा गावात ज्वारीची पोती देऊन काही होत नाही. तिथे पीठ हवं, तेही दोन आठवड्यांत संपेल एवढंच, कारण जास्त दिवस ठेवलेलं पीठ कडू होतं. पहिले चार दिवस, सरपण आणि भांडी दोन्ही नसताना, आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी बिस्किटांच्या पुड्यांपेक्षा जास्त कामाला येते. कोरडी ठेवली तर टिकते, शिजवायला लागत नाही, पोटाला आधार देते. दुधात भिजवली की म्हातारी माणसंही खातात.

जुने कपडे घेऊ नका. प्रत्येक आपत्तीत रस्त्याकडेला त्यांचे ढीग साचतात आणि ते निवडण्यात कार्यकर्त्यांचे दिवस जातात. मागायचंच असेल तर चादरी आणि टॉवेल मागा, ते याच शहरात बनतात.

१९ चुलींची तपासणी

रोज सगळ्यांना विचारणं शक्य नाही आणि भेटेल त्याला विचारलं तर रस्त्याकडेच्या घरांचीच खबर मिळते. आठवड्यातून एकदा १९ चुली निवडा. एकूण ४१२ चुली असतील तर ४१२ भागिले १९, म्हणजे २१. १ ते २१ च्या चिठ्ठ्या टाकून एक उचला. समजा ८ निघाला, तर ८, २९, ५०, ७१ असं १९ चुली होईपर्यंत जायचं. कुलूप असेल तर त्याच दिवशी पुन्हा जा, शेजारचं घर पकडू नका. लांबच्या वस्तीसाठी वेगळ्या १९, नाहीतर गावठाणाच्या सरासरीत ती झाकली जाते.

प्रश्न असे हवेत की उत्तरावरून हो की नाही ते तुम्हालाच ठरवता येईल आणि जमेल तिथे डोळ्यांनी बघून भरायचे. ‘पाणी पुरतं का?’ विचारू नका. ‘काल किती कॅन भरले?’ विचारा आणि कॅन बघा. ‘धान्य मिळालं का?’ ऐवजी ‘डबा दाखवता?’ (हे बाईने बाईला विचारायचं.)

उद्दिष्ट ‘दहातल्या आठ चुलींना पुरेसं पाणी’ असं असेल तर १९ पैकी निदान १३ ठिकाणी होकार यायला हवा. १२ किंवा कमी आले की तो भाग मागे पडलाय असं धरून लगेच कारण शोधायचं. ८० टक्क्यांच्या हिशेबाने १५ यायला हवेत, मग १३ का, असं कोणीतरी विचारेलच. नमुना छोटा असल्याने परिस्थिती ठीक असतानाही एक-दोन घरं योगायोगाने कमी येतात, तेवढी सूट त्यात धरली आहे. यातून अचूक टक्केवारी मिळत नाही. कुठे धावायचं ते कळतं, आणि त्या घडीला तेवढंच लागतं.

त्याच फेरीत सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांचा दंडघेर (दंडाचा घेर) कुपोषण ओळखायला मोजा. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. साडेअकरा ते साडेबारा असेल तर अंगणवाडीत नाव आणि दर आठवड्याला पुन्हा माप.

तक्रार वही

तक्रारपेटी ठेवून मोकळं होऊ नका. तिच्यात बहुधा कागद कमी आणि कचरा जास्त पडतो. रोज ठरलेल्या वेळी दोन तास कोणीतरी बसलं पाहिजे. विड्या वळणाऱ्या बायका दिवसा माल जमा करायला जातात, त्यांच्यासाठी संध्याकाळची वेळ हवी. तक्रार तोंडी चालेल. लिहून क्रमांक द्या. तीन रकाने: काय, कोणाकडे पाठवली, सात दिवसांनी काय झालं. तिसरा रकाना रिकामा राहिला की पुढची पायरी तहसीलदार, मग जिल्हाधिकारी. तेच जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७.

मदतीच्या बदल्यात पैसे, मत किंवा शरीरसुख मागितलं, तर ती तक्रार समितीच्या वहीत नावानिशी लिहायची नाही. बाईच्या संमतीने थेट ११२ किंवा १८१ वर, मुलांसाठी १०९८ वर. गावात बोभाटा झाला की पुढची बाई तोंड उघडत नाही.

कायद्याचा आधार लागला तर आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ हाताशी ठेवा. कलम १२ मध्ये निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार, स्वच्छता यांची किमान मानकं आणि विधवा व अनाथांसाठी विशेष तरतूद सांगितली आहे. खोटा दावा करून मदत लाटली तर कलम ५२, मदतीचा पैसा किंवा माल हडपला तर कलम ५३. दोन्हींत दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. धमकी म्हणून हे वापरू नका, अर्जात शांतपणे लिहा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो, उत्तर तीस दिवसांत यायला हवं. ‘मदतीची माहिती द्या’ असं मोघम मागू नका. ‘अमुक गावातील लाभार्थ्यांची यादी, प्रत्येकाचा नुकसान प्रवर्ग, मंजूर रक्कम, जमा दिनांक’ असं मागा.

पैसा खात्यात आला म्हणजे हातात आला असं नाही

आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरं. खातं कित्येक वर्षं न वापरल्याने बंद. बँकांचं विलीनीकरण झालं, पण अर्जावर जुनाच आयएफएससी. खातं मयत नवऱ्याच्या नावावर. वारसनोंद अडलेली. रक्कम अडकते ती बहुतेक याच पाच ठिकाणी. पासबुक छापून आणायला सांगा आणि जमा झाल्याची तारीख वहीत उतरवा. ‘आले म्हणतात’ ही नोंद धरू नका. त्याच पासबुकात थकीत कर्जापोटी मदतीतून कपात झाली आहे का तेही बघा. झाली असेल तर लेखी हरकत घ्या आणि प्रत तहसीलदारांना द्या.

घर बांधताना: झाकलं जाण्याआधी बघा

किल्लारीच्या पट्ट्यात घरं का पडली हे समजलं की काय तपासायचं ते आपोआप कळतं. दोन-अडीच फुटी भिंती, मातीत रचलेले ओबडधोबड दगड, दोन पदरांमध्ये भरलेली खडी-माती, दोन्ही पदरांना जोडणारा एकही आरपार दगड नाही. वर माळवद, गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा आणखी एक थर, पिढ्यान् पिढ्या. हादऱ्याने पदर सुटले, आणि दगड-मातीचं ते सगळं वजन झोपलेल्यांवर आलं. दगडाचा दोष कमी, जोडणीचा आणि छपराच्या वजनाचा जास्त. तरीही लोकांनी दगडाची धास्ती घेतली, सिमेंट म्हणजे सुरक्षित असं धरलं, आणि निकृष्ट सिमेंटकामही डोळे मिटून स्वीकारलं.

घराच्या मदतीचे हप्ते जोतं, लिंटेल (दार-खिडक्यांच्या वरची पातळी), छत असे टप्प्याने मिळतात. त्या प्रत्येक टप्प्याला, काँक्रीट ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी, समितीतला गवंडी आणि घरातली बाई यांनी मिळून बघायचं. दगडी भिंत असेल तर दर दोन फूट उंचीला आणि चार फूट अंतराला एक आरपार दगड. तो दोन्ही बाजूंनी दिसला पाहिजे. एवढा लांब दगड मिळत नसेल तर दोन दगड एकमेकांवर चढवून किंवा काँक्रीटचा ठोकळा घालून भागतं. लिंटेलचा पट्टा सगळ्या भिंतींवरून अखंड फिरला पाहिजे. दारावर आहे आणि मागच्या भिंतीवर नाही, असं चालत नाही. पट्ट्याची जाडी निदान ७५ मिलिमीटर, दोन आडव्या सळया, दर १५० मिलिमीटरला ६ मिलिमीटरची कडी. कोपऱ्यात सळई सरळ येऊन थांबलेली दिसली तर काम थांबवा. ती वळून दुसऱ्या भिंतीत गेली पाहिजे. बांधकामात सर्रास आढळणारी आणि सर्वात महागात पडणारी चूक हीच.

सिमेंटच्या पोत्यावरचा महिना वाचा, तीन महिन्यांवर जुनं नको. ५० किलोच्या पोत्याला २५ ते २७ लिटर पाणी. मिस्त्रीला सैल माल पसरायला सोपा जातो, म्हणून तो आणखी एक बादली ओततो आणि काँक्रीटची ताकद तिथेच जाते. मग निदान सात, शक्यतो चौदा दिवस पाणी मारणं. टंचाईच्या गावात हे हटकून टळतं. ओली गोणपाटं गुंडाळून ठेवली तर थोडक्या पाण्यात भागतं.

दोन वर्षांपर्यंत

बांधून झालेल्या घरांची संख्या सरकार मोजतंच. तुम्ही सहाव्या, बाराव्या आणि चोविसाव्या महिन्यात त्याच वहीतल्या चुलींकडे जाऊन वेगळं विचारायचं. नव्या घरात रात्री कोण झोपतं? १९९३ नंतर वसवलेल्या गावांत घरं चौकोनी रस्त्यांवर, दूर दूर पडली. भावकी आणि गल्ली तुटली, गुरांना, कडब्याला जागा उरली नाही. घराला कुलूप किंवा आत पोती दिसली, तर घरात काय चुकलं ते विचारा, माणसाला दोष देऊ नका.

रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते. तो हंगाम चुकला की वर्ष गेलं, तेव्हा बी आणि बैल यांची चौकशी पेरणीआधी व्हायला हवी. माग पुन्हा चालू झाले का, किती पाळ्या? सावकाराकडून घेतलं का, किती टक्क्याने? मुलगी शाळेत परतली की लग्न झालं? विधवेच्या नावाने आलेली रक्कम आज कोणाच्या ताब्यात आहे? हा शेवटचा प्रश्न चारचौघांत विचारायचा नाही.

चावडीवर किंवा वॉर्ड कार्यालयाबाहेर लावायच्या फळ्यावर फक्त आकडे: चुली किती, मंजूर किती, जमा किती, काम कुठवर आलं, तक्रारी किती आणि सुटल्या किती. शासकीय लाभार्थी यादी आली की तीही शेजारी डकवा. आजार, कर्ज, बायकांच्या तक्रारी यातलं काहीही फळ्यावर येऊ देऊ नका. वहीच्या दोन झेरॉक्स वेगवेगळ्या घरांत ठेवा, कारण मोठ्या धक्क्यानंतर महिनोन्‌महिने लहान धक्के येत राहतात आणि कागद असलेलं घरही पडू शकतं. चोविसाव्या महिन्याची फेरी झाली की आजार-कर्जाचे रकाने झाकून काढलेली प्रत ग्रामसभेत मांडा, तसा ठराव इतिवृत्तात लिहून घ्या आणि मूळ वही समितीतल्या दोघींच्या ताब्यात राहू द्या.